गाडी बदलते, क्रमांक राहतो काय?

व्यापाऱ्याच्या दुकानावरील पाटी आणि त्याच्या मोटारगाडीवरील पाटी ह्या दोहोंत एक मोठा भेद आहे. दुकानाची पाटी त्याची स्वतःची असते. ती तो वडिलांकडून घेतो, मुलाच्या हाती देतो, जागा बदलली तर उचलून नव्या जागेवर लावतो. गाडीवरील पाटी मात्र सरकारने दिलेली खूण आहे. ती गाडीच्या ओळखीसाठी आहे, गाडीवाल्याच्या ओळखीसाठी नव्हे. हा भेद ध्यानात न राहिल्यामुळे आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना जुनी गाडी काढून नवी घेताना निराशा पदरी घ्यावी लागते, आणि काहींना तर आर्थिक जबाबदारीही अंगावर घ्यावी लागते. सबब या विषयाची सांगोपांग माहिती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

आवडीचा क्रमांक

गाडीचा क्रमांक आपल्या पसंतीचा असावा ही हौस केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन आहे असे म्हणणे योग्य होणार नाही. कोणी लग्नाच्या तारखेचा क्रमांक घेतो, कोणी दुकानाच्या स्थापनेच्या सालाचा. आपल्या समाजात २४ हा आकडा चोवीस तीर्थंकरांमुळे प्रिय आहे; १०८ हा पंचपरमेष्ठींच्या गुणांची संख्या म्हणून श्वेतांबर परंपरेत पूज्य मानतात; नवकाराची नऊ पदे म्हणून कोणी ९ मागतो. मुसलमान बंधू ७८६ साठी तितक्याच आस्थेने प्रयत्न करतात. महाराष्ट्रात तर आकड्यांतून अक्षरे वाचण्याची गमतीदार रीत पडली आहे. ८०५५ मध्ये इंग्रजी 'बॉस', २१४ मध्ये 'राम', ४१४१ मध्ये 'पापा' असे शब्द रंगाऱ्याच्या कुंचल्याने उमटू लागले. हे शेवटचे प्रकार मात्र नियमबाह्य आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पाटीवरील अक्षरे रोमन लिपीत, आकडे आंतरराष्ट्रीय, आणि त्यांचे आकारमान ठरवून दिलेले असते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांस उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली असून तीत अशा कलाकुसरीस जागा नाही.

हैदराबादेत क्रमांकातून माणसाची आठवण जपण्याची एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. त्या सेवेची परंपरा चालविणाऱ्या सरकारी बसगाड्यांच्या क्रमांकात 'झेड' हे अक्षर येते. ते सातव्या निजामाच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या स्मरणार्थ होय, असे या शहरात परंपरेने सांगितले जाते. आख्यायिकेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी पाहावा. आम्हांस तिच्यात एवढेच दिसते की, पाटीवरील एखाद्या अक्षरात आपले माणूस पाहण्याची इच्छा राजालाही असते आणि रयतेलाही असते.

क्रमांक कोणाचा?

गाड्यांना क्रमांक देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९०३ च्या मोटारगाडी कायद्याने सक्तीची झाली. आपल्याकडे १९१४ चा कायदा आला, त्यानंतर १९३९ चा, आणि सध्या १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे; तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचे दोन आकडे, मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे अशी आजची मांडणी आपणांस परिचित आहे. शेवटचे चार आकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत चालतात. ते संपले म्हणजे मालिकेचे अक्षर पुढे सरकते.

या कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी अधिकारी प्रत्येक वाहनास एक खूण नेमून देतो. येथे 'वाहनास' हा शब्द महत्त्वाचा आहे. खूण इंजिनाच्या व सांगाड्याच्या क्रमांकाशी बांधलेली असते. गाडी विकली तर कलम ५० प्रमाणे मालकाचे नाव बदलते, क्रमांक गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. म्हणजेच सर्वसाधारण नियम असा की, जुन्या गाडीबरोबर आपला आवडता क्रमांकही आपण विकतो.

इतर देशांत हे असे नाही. इंग्लंडमध्ये मालकास क्रमांक गाडीपासून वेगळा काढून ठेवता येतो. त्यासाठी ८० पौंड शुल्क भरले की दहा वर्षे मुदतीचा दाखला मिळतो, आणि तो क्रमांक दुसऱ्या गाडीस लावता येतो किंवा विकताही येतो. दुबईत २०२३ च्या एप्रिलमध्ये 'पी ७' ही पाटी साडेपाच कोटी दिऱ्हमला लिलावात गेली. तो लिलाव गरजूंस अन्न पुरविण्याच्या कार्यासाठी होता. तेथे क्रमांक ही जवळजवळ मालमत्ताच समजली जाते. आपल्याकडे क्रमांकासाठी भरलेली रक्कम ही शासनाचे शुल्क होय. ती खर्ची पडली असे समजावे. ती पुन्हा उभी राहील अशा हिशेबाने कोणी ती भरू नये.

हैदराबादची रीत

येथील जुन्या गाड्यांवर ए. पी. ही अक्षरे आहेत. तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले आणि नव्या गाड्यांस टी. एस. मिळू लागले. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राच्या अधिसूचनेने टी. एस. च्या जागी टी. जी. आले. हे बदल नव्या नोंदणीपुरते झाले. आधी नोंदलेल्या गाड्यांवरील ए. पी. अथवा टी. एस. तशीच राहिली. कार्यालयांचे आकडे मात्र राज्य बदलले तरी ओळखीचे राहिले. खैरताबादचा ०९, सिकंदराबादचा १०, मलकपेठचा ११ हे आपणांपैकी बहुतेकांस पाठ असतील.

येथे पसंतीचा क्रमांक चालू मालिकेतून मिळतो. इच्छुकाने परिवहन खात्याच्या संगणकीय यंत्रणेवर नाव नोंदवून त्या क्रमांकाचे ठरीव शुल्क भरावयाचे. मागणी करणारा एकच असेल तर क्रमांक त्यास त्या शुल्कात मिळतो. एकाहून अधिक असतील तर बोली होते आणि सर्वांत अधिक देणाऱ्यास तो जातो. राखून ठेवलेला क्रमांक ठराविक मुदतीत गाडी हजर करून नोंदवून घ्यावा लागतो, नाहीतर तो हातचा जातो आणि शुल्कही जाते. सबब गाडी विक्रेत्याकडून केव्हा ताब्यात मिळणार हे पक्के झाल्याखेरीज बोलीत उतरू नये.

या शहरात ९९९९ साठी जी चढाओढ होते तिची वार्ता वृत्तपत्रांत वरचेवर येते. २०२४ साली खैरताबाद कार्यालयात टी. जी. ०९ मालिकेतील ९९९९ हा क्रमांक २५ लाख रुपयांहून अधिक किमतीला गेला. एवढ्या पैशांत एक उत्तम मोटारगाडी येते, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

ज्या कुटुंबास आपला जुना आकडा सोडावयाचा नसतो, त्याच्यासाठी हैदराबादेत रूढ झालेला मार्ग असा: अक्षरे बदलली तरी शेवटचे चार आकडे तेच ठेवावयाचे. ए. पी. ०९ मध्ये आजोबांकडे जो आकडा होता, तोच टी. एस. ०९ च्या मालिकेत वडिलांनी घेतला आणि टी. जी. ०९ च्या मालिकेत मुलगा घेतो. कायद्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी खुणा. कुटुंबाच्या दृष्टीने एकच. यात जुन्या गाडीच्या नोंदणीस हात लावावा लागत नाही, विक्रीत अडथळा येत नाही, आणि आकडा सर्वसाधारण असेल तर बोलीही होत नाही. केवळ एवढे करावे लागते की, मालिका आपल्या आकड्यापाशी केव्हा येते यावर लक्ष ठेवून गाडीच्या खरेदीचा दिवस ठरवावा.

इतर राज्यांची व्यवस्था

आपल्या सभासदांपैकी अनेकांची घरे, पेढ्या वा सोयरिकी महाराष्ट्रात आहेत. लातूर, नांदेड, परभणी, सोलापूर, पुणे येथे जाणेयेणे नित्याचे आहे. म्हणून तेथील व इतर प्रांतांतील नियमांचीही ओळख असावी.

महाराष्ट्रात पसंतीच्या क्रमांकाचे शुल्क शासनाने कोष्टकाने ठरविले आहे. ३० ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने ते वाढविण्यात आले. मुंबई, पुणे यांसारख्या अधिक मागणीच्या ठिकाणी चारचाकीसाठी ०००१ चे शुल्क चार लाखांवरून सहा लाख रुपये झाले. त्याच वेळी एक सवलतही मिळाली. पसंतीचा क्रमांक पती, पत्नी, मुलगा, मुलगी अशा निकटच्या कुटुंबीयांच्या नावे करण्यास मुभा देण्यात आली. पूर्वी ती नव्हती. कुटुंबाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय.

जुन्या गाडीचा क्रमांक काढून नव्या गाडीस लावण्याची परवानगी उत्तर प्रदेशाने २०२० साली दिली, गुजरातने २०२२ साली दिली. गुजरातच्या धोरणात गाडी विकताना तसेच मोडीत काढताना क्रमांक राखता येतो. नवी गाडी त्याच मालकाच्या नावे व त्याच प्रकारची असावी लागते, म्हणजे दुचाकीचा क्रमांक चारचाकीस मिळत नाही. जुन्या गाडीस दुसरा साधा क्रमांक देण्यात येतो, आणि त्या क्रमांकानेच ती पुढील मालकाकडे जाते.

राज्यांची सीमा ओलांडताना मात्र आवडता क्रमांक बरोबर नेता येत नाही. कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली तर तेथील नवी खूण घ्यावी लागते. पुण्याचा एम. एच. १२ क्रमांक हौसेने घेऊन गाडी कायमची हैदराबादेत ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. महाराष्ट्रात भरलेले शुल्क येथे उपयोगी पडत नाही.

क्रमांक राखण्याची पायरी

ज्या राज्यात क्रमांक राखण्याची सोय आहे तेथे कामाचा क्रम चुकला की सर्वच बिघडते. तो क्रम आम्ही पुढे देत आहोत.

प्रथम, जुन्या गाडीवरील सर्व बाकी फेडावी. कर, दंडाची चलने आणि कर्जाचा बोजा यांपैकी काहीही शिल्लक असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. गाडी कर्जाऊ घेतलेली असेल आणि कर्ज फिटले असेल, तर बँकेच्या सहीचा नमुना ३५ देऊन बोजा पुस्तकातून उतरवून घ्यावा. कर्ज फिटूनही बोजा तसाच राहिलेल्या गाड्या आपल्यांत पुष्कळ निघतील.

दुसरे, क्रमांक राखण्याचा अर्ज गाडी विकण्यापूर्वी किंवा मोडीत देण्यापूर्वी करावा. गाडीबरोबर क्रमांक दुसऱ्याच्या नावे लागला की आपला त्यावरील हक्क संपतो. मोडीत दिलेल्या गाडीची नोंदणी रद्द झाल्यावर धावपळ करण्यातही अर्थ नसतो.

तिसरे, जुन्या गाडीस मिळालेला साधा क्रमांक नोंदणीपत्रावर, विम्याच्या कागदावर आणि पाटीवर अशा तिन्ही ठिकाणी चढवून घ्यावा. विमापत्रात जुना क्रमांक राहिला तर अपघाताच्या प्रसंगी विनाकारण वाद उपस्थित होतो. पथकराचा फास्टॅगही क्रमांकाशी जोडलेला असतो. जुना बंद करून नव्या गाडीसाठी नवा घ्यावा.

चौथे, राखलेला क्रमांक नव्या गाडीवर चढविण्याची मुदत असते. नवी गाडी जुन्या मालकाच्याच नावे घेतली पाहिजे. जुनी गाडी वडिलांच्या नावे आणि नवी मुलाच्या नावे असे केल्यास बहुतेक ठिकाणी अर्ज फेटाळला जाईल.

पाचवे, हे सर्व होईपर्यंत नव्या गाडीस जुनी पाटी लावून ती रस्त्यावर आणू नये. दोन गाड्यांवर एकच क्रमांक दिसणे हा साधा अनियमितपणा राहत नाही. तो फसवणुकीचा गुन्हा समजला जाण्याचा संभव असतो.

मोहाची किंमत

क्रमांक सोडवत नाही म्हणून काही मंडळी एक वेगळाच मार्ग धरतात. गाडी ओळखीच्या माणसास देतात, पैसे घेतात, पण नाव बदलून देत नाहीत. 'पुढे पाहू' म्हणतात. व्यापारात विश्वास हे मोठे भांडवल आहे हे खरे. पण येथे तो विश्वास कायद्यापुढे उभा राहू शकत नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत स्पष्ट निकाल दिला. एक गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. अपघात झाला. नुकसानभरपाई कोणी द्यावयाची, हा प्रश्न होता. न्यायालयाने ठरविले की, नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तो मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी आपण विकली होती, ताबा आपल्याकडे नव्हता, ही सबब चालली नाही. गाडीचा विमा नसेल किंवा चालकाजवळ परवाना नसेल तर अशा भरपाईचा आकडा एखाद्या मध्यम पेढीची वर्षाची कमाई गिळून टाकील. आवडत्या चार आकड्यांसाठी एवढा धोका पत्करणे हा शहाण्या माणसाचा व्यवहार नव्हे.

म्हणून विक्रीच्या दिवशीच नमुना २९ व ३० वर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. त्याच राज्यातील विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत कार्यालयास द्यावयाची असते. ती दिल्याची पोच दप्तरी ठेवावी. गाडीचा ताबा ज्या तारखेस व ज्या वेळेस दिला तो कागदावर लिहून घ्यावा. दलालाच्या शब्दावर विसंबून कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देऊ नयेत.

लिलावातील आवेशाचेही एक उदाहरण येथे देतो. २०२५ च्या नोव्हेंबरात हरयाणात एच. आर. ८८ बी ८८८८ या क्रमांकावर ५० हजारांपासून सुरू झालेली बोली १ कोटी १७ लाख रुपयांवर गेली. देशभर त्याची चर्चा झाली. पुढे बोली जिंकणाऱ्याने मुदतीत रक्कम भरली नाही, अनामत जप्त झाली, आणि क्रमांक पुन्हा लिलावात काढावा लागला. बोली लावणे हा एका क्षणाचा व्यवहार; रक्कम भरताना मनुष्य पुन्हा जमाखर्च पाहतो.

वारसा व वाटणी

आता सर्वांत नाजूक बाब. घरातील कर्ता पुरुष निवर्तला तर त्याच्या नावावरील गाडीचे काय होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. वारसाने मृत्यूची खबर तीस दिवसांत कार्यालयास द्यावी लागते. तशी दिल्यास तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यावे लागते. क्रमांक गाडीस तसाच राहतो. २०२१ पासून नोंदणीपत्रावर वारसाचे नाव आधीच नोंदविण्याची सोय झाली आहे. ती प्रत्येक सभासदाने करून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्याने विधवा मातेच्या चकरा वाचतात.

गाडी पेढीच्या नावे असेल तर क्रमांकही पेढीचाच, एकट्या भागीदाराचा नव्हे. समजा, दोन बंधूंची पेढी आहे. गाडीवरील क्रमांक वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. आणि दुकाने वेगळी करण्याची वेळ आली. मालाची वाटणी होते, येणेदेणे ठरते, घराच्या खोल्यांचीही मोजणी होते. गाडीचा प्रश्न शेवटी निघतो, आणि तो पैशांचा नसल्यामुळे अधिक बोचतो. तराजू लावून जे वाटता येत नाही त्यासाठीच माणसे अबोला धरतात. म्हणून आमची सूचना अशी की, वाटणीपत्रात गाडी कोणाकडे राहील, तिचा क्रमांक कोणी पुढे चालवावयाचा, आणि ज्याच्याकडे तो जाणार नाही त्याने नव्या मालिकेत तोच आकडा घेण्यास दुसऱ्याची हरकत असणार नाही, हे तीन शब्दांत का होईना, लिहून ठेवावे. मालिका अनेक आहेत. एकाच आकड्याच्या दोन गाड्या दोन बंधूंच्या दारी उभ्या राहू शकतात आणि त्यात कोणाचेही उणे होत नाही.

उपसंहार

आपल्या धर्माने गृहस्थास परिग्रहाचे परिमाण घालून दिले आहे. वस्तू बाळगू नये असे तो गृहस्थास म्हणत नाही, तिची मर्यादा ठरवावी असे म्हणतो. गाडीचा क्रमांक ही तर वस्तूही नाही. ती वस्तूवरील खूण आहे. तिच्यात वडिलांची आठवण असेल तर ती जरूर जपावी, पण नियमाच्या वाटेने आणि ऐपतीच्या आत जपावी. ती वाट सापडली नाही तर क्रमांक गाडीबरोबर जाऊ द्यावा. ज्या हातांनी वडिलांनी तो क्रमांक मिळविला, त्याच हातांनी त्यांनी पेढीची पतही मिळविली. ती पत कोणत्याही कार्यालयात नोंदवावी लागत नाही आणि गाडी विकली तरी ती दुसऱ्याच्या नावे होत नाही.

सभासद बंधूंनी या वर्षात आपापल्या गाड्यांची नोंदणीपुस्तके एकदा काढून पाहावीत: नाव कोणाचे आहे, बोजा उतरला आहे काय, वारस नोंदला आहे काय, विकलेली एखादी जुनी गाडी अजून आपल्याच नावावर तर नाही ना. एवढे केले तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.